‘गांजाचं तेल’: नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या एका घराचं प्रकरण

“मॅडम, त्या रात्री मी झोपली. खरं सांगते, दोन वर्षांत पहिल्यांदा झोपली.”

काकू हे सांगत होत्या तेव्हा काका माझ्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खाटेवर बसून डाव्या भुवईवरचे टाके खाजवायला बघत होते. टाके तीन. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीच्या उंबऱ्याला ठेचकाळून पडले, तेव्हाची ती जखम. काकूंचा भाऊ मध्य प्रदेशातून भांगेच्या गोळ्या घेऊन आला होता. त्यातली अर्धी आठ वाजता थंडाईतून दिली. नऊपर्यंत काहीच फरक दिसेना म्हणून उरलेली अर्धी दिली. साडेदहाला काका गाढ झोपले, काकूही झोपल्या. तीन वाजता काका उठले ते काकूंना कळलंच नाही.

झोपेचं सांगून झाल्यावर त्या रडल्या. मला मात्र त्यांच्या रडण्याआधीचं ते वाक्यच जास्त महत्त्वाचं वाटलं. त्या घरात पुढचे तीन महिने जे झालं, ते त्या वाक्याशिवाय समजणार नाही. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

काका

वय 74. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आर.एम.एस.मध्ये, सॉर्टर होते. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि हे त्याच्या पुढच्या वर्षी नोकरीला लागले. धावत्या डब्यात रात्रभर उभं राहून खणाखणांत पत्रं टाकायची, सकाळी घरी येऊन पडदे ओढून झोपायचं. संध्याकाळी साडेसहा-सातला डबा आणि पिशवी घेऊन निघायचं. निम्म्याहून जास्त नोकरी अशीच गेली.

चार वर्षांपूर्वी पेन्शन काढायला बँकेत निघाले आणि रेल्वे स्टेशनवर सापडले. तिथून तपासण्या सुरू झाल्या. थायरॉईड, बी-12, एमआरआय सगळं झालं. निदान अल्झायमर्स. डोनेपेझिल 5 मिलीग्रॅम, पुढे मेमँटिन. ब्लडप्रेशरसाठी अॅम्लोडिपिन आधीपासून होतं. घरात काकू (68), मिहानमध्ये नोकरी करणारा मुलगा, खासगी शाळेत शिकवणारी सून आणि आठवीतला नातू. मुलगी पुण्याला.

दिवाळीच्या सुमारास संध्याकाळचा त्रास वाढला. सहा-साडेसहा झाले की शर्ट घालायचा, पिशवी शोधायची, दाराशी जायचं. “ड्यूटीले जाऊन राहिलो, आडवू नको.” आडवलं की आरडाओरडा. एकदा काकूंच्या थोबाडीत मारली. या माणसानं पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आवाजही चढवला नव्हता, असं काकू म्हणतात, आणि त्या खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. रात्री दर तासाला उठणं, दाराची कडी काढणं. डिसेंबरात मी क्वेटियापिन 25 मिलीग्रॅम सुरू केलं. सकाळी काका सुस्त दिसायला लागले, रात्र होती तशीच राहिली.

इथे एक सांगून ठेवते. डिमेन्शियातल्या अस्वस्थपणाला अशी मानसिक आजारांवरची औषधं आपण सगळेच देतो आणि ती देताना सगळ्यांचाच हात कापतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, 2005 मध्येच इशारा दिला होता: या वर्गातल्या नव्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत साधारण 1.6 ते 1.7 पट होतं. त्यामुळे मुलगा जेव्हा मोबाईल पुढे करून म्हणतो, “मॅडम, याच्यापेक्षा हे नैसर्गिक नाही का बरं?”, तेव्हा त्याला हसण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

पहिली बाटली

भांगेच्या आधी, जानेवारीत, घरात एक बाटली आली होती. पुण्याच्या लेकीला कोणीतरी सुचवलं, मुलानं ऑनलाईन मागवली. हिरवं लेबल, त्यावर सात पात्यांचं पान. घरात तिचं नाव ‘गांजाचं तेल’ असंच पडलं. सून मात्र नातवासमोर ‘बाबांचं तेल’ म्हणे. सकाळ-संध्याकाळ एक चमचा.

दोन आठवड्यांनी मुलाचा फोन. “बाबा पुष्कळ शांत आहेत. कमाल आहे मॅडम!” मीही खूश झाले. काय देताय त्याचा फोटो पाठवा एवढंच म्हणाले, आणि तो यायला आणखी आठ दिवस लागले.

फोटोत जे होतं ते भांगेच्या बियांचं घाण्याचं तेल होतं. खाद्यतेल! नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या बिया, त्यांचं तेल आणि पीठ खाण्यासाठी मान्य केलं, तेव्हापासून ते राजरोस मिळतं. नशा आणणारं टीएचसी आणि औषध म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते सीबीडी, दोन्ही या झाडाच्या फुलोऱ्यात सर्वांत जास्त आणि पानांत त्याहून कमी असतात. बीमध्ये नावापुरतीसुद्धा नसतात म्हणा. काकांना दोन आठवडे जे दिलं ते जवसाच्या तेलाचं चुलतभावंड होतं.

मग शांत कशानं झाले? तारखा जुळवून पाहिल्या. संक्रांतीला लेक पुण्याहून आली होती आणि बारा दिवस राहिली. रोज सहाला बाबांना गाडीत बसवून फुटाळा तलावावर न्यायची, पाण्याकडे तोंड करून गाडी लावायची, कणीस खाऊ घालायची, साडेसातला परत. म्हणजे ‘ड्यूटी’ची वेळ काका रोज घराबाहेर, चालत्या गाडीत काढत होते. लेक गेली आणि तेल चालू असूनही ओरडा परत सुरू झाला. घरच्यांनी यावरून निष्कर्ष काढला तो असा: तेल कमजोर आहे, जरा जोरदार काहीतरी पाहिजे.

हा निष्कर्ष वेडेपणाचा नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे नीट बघावं असं मला वाटतं. अल्झायमर्समध्ये औषधाचा गुण आला की नाही हे रुग्ण सांगत नाही. सांभाळणारा सांगतो. त्याला रात्र कशी गेली, तो किती थकला, त्याला औषधाकडून किती आशा आहे, हे सगळं त्याच्या ‘शांत आहेत’मध्ये मिसळलेलं असतं. रीतसर चाचण्यांतही हे दिसतं. नेदरलँड्समधल्या 2015 च्या चाचणीत डिमेन्शियाच्या 50 रुग्णांपैकी काहींना टीएचसी दीड मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, तीन आठवडे दिलं, बाकीच्यांना दिखाऊ गोळी. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला, दोघांत फरक निघाला नाही. इस्राएलमधल्या 2022 च्या चाचणीत सीबीडी जास्त आणि टीएचसी अगदी कमी असलेलं तेल 16 आठवडे दिलं. 60 रुग्ण, त्यांतले 40 खऱ्या तेलावर. अस्वस्थता ठरवलेल्या मापानं उतरली ती खऱ्या तेलावरच्या 60 टक्के रुग्णांत, आणि दिखाऊ तेलावरच्या 30 टक्के रुग्णांतही. हे 30 टक्के लोक म्हणजे आमच्या काकांची पहिली बाटली.

भांगेची गोळी

गोळीत काय, किती होतं हे कोणीच सांगू शकत नाही. पोटातून घेतलेली भांग चढायला तास-दोन तास घेते, कारण ती आधी यकृतातून जाते. आणि चढली की बराच वेळ उतरत नाही. नऊ वाजता दिलेली दुसरी अर्धी गोळी ही नेहमीची चूक आहे, होळीच्या रात्री कॅज्युअल्टीत बसणाऱ्या कोणालाही विचारा. काकांच्या अंगात वरून क्वेटियापिन आणि अॅम्लोडिपिन होतंच. तिन्हींनी उभं राहताना रक्तदाब पडतो.

पडल्यावर त्यांना रात्रीच रुग्णालयात नेलं. बोलणं अडखळत होतं, डोळे अर्धवट, तोल नाही. डॉक्टरांना वाटलं स्ट्रोक. सीटी स्कॅन झाला, रात्रभर ठेवून घेतलं. भांगेचं कोणी बोललं नाही. का? “पोलिस केस होईन ना जी,” काकू म्हणाल्या. खर्च झाला तो झाला, पण काय दिलंय हे न कळता डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं असतं तर? आणीबाणीत डॉक्टरला खरं सांगा. तो उपचारासाठी विचारतो आहे.

कायद्याचं मात्र भय अगदीच अनाठायी नव्हतं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून भांग त्या कायद्यात येत नाही आणि मध्य प्रदेशात तिची परवानाधारक दुकानं आहेत. पण भांग राज्याच्या कायद्यात येते, आणि आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. काकूंच्या भावानं, मुलाच्या मामांनी, पिशवीत घालून आणलेली गोळी सीमा ओलांडताना कायदाही ओलांडून आली.

गंमत अशी की या बाबतीत आपला भाग जुना जाणकार. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा प्रांतातली गांजाची लागवड सरकारी परवान्यानं खंडव्याकडे होत असे, आणि 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशननं त्याची बारीक चौकशी केली. त्याआधी, 1839 मध्ये, कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरनं भांगेच्या औषधी प्रयोगांवर लिहिलं आणि तिथून ती विलायती दवाखान्यांत पोचली. आता तीच परत आपल्याकडे विलायती बातमी होऊन आली आहे.

कालनिर्णयवरच्या नोंदी

टाके काढायला आले तेव्हा मी काकूंना म्हणाले, आठ दिवस काही नवीन द्यायचं नाही. फक्त लिहायचं. त्यांनी वही घेतली नाही. दुधाचा हिशेब जिथे लिहितात तिथे, कालनिर्णयच्या चौकोनांत, बारीक अक्षरात लिहिलं. एक चौकोन असा:

“6.40 ड्यूटी. 7.15 ब्याग. 8 लघवीले बसले नाही झाली. 11 बसले थोडी. 1 दार. 2.10 दार. 3 बसले नाही झाली, मारलं.”

‘मारलं’ हा शब्द आठवड्यात दोनदा होता, आणि दोन्ही वेळा ‘नाही झाली’च्या लगेच पुढे. शौचाच्या खुणेसाठी त्यांनी फुली ठरवली होती. आठ चौकोनांत फुल्या दोन.

काकांना आडवं करून पोटावर हात ठेवला. बेंबीच्या खाली गोळा लागत होता. दाबलं तर त्यांनी माझा हात झटकला. सोनोग्राफीत, लघवी करून आल्यानंतरही मूत्राशयात 280 मिलीलीटर शिल्लक.

गोळ्यांची पिशवी उलटी केली तेव्हा उलगडा झाला. ऑक्टोबरात मी डोनेपेझिल 5 चं 10 केलं होतं. त्या औषधानं मेंदूत अॅसिटिलकोलिन वाढतं, आणि काहींना त्यामुळे वारंवार, घाईची लघवी लागते. काकांना लागली. अंथरूण ओलं व्हायला लागलं म्हणून घरचे दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऑक्सिब्युटिनिन लिहिलं. हे औषध नेमकं अॅसिटिलकोलिनच अडवतं. म्हणजे एक गोळी पाणी सोडतेय, दुसरी तोटी बंद करतेय. प्रोस्टेट आधीच वाढलेलं, लघवी तुंबली, शौचही. त्यात काकू रात्री झोप यावी म्हणून सर्दीची गोळी देत होत्या. तिच्यातलं क्लोरफेनिरामिनही त्याच जातीचं, डिमेन्शियात भ्रम वाढवणारं.

या साखळीतली पहिली कडी माझी होती. डोस वाढवल्यावर लघवीचं विचारायचं असतं. मी भूक आणि नाडी विचारली, लघवी विचारली नाही.

ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीची गोळी बंद केली. डोनेपेझिल परत 5. रात्री प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, उभ्यानं रक्तदाब बघत बघत. पोटासाठी लॅक्टुलोज आणि भिजवलेल्या मनुका. तीन आठवड्यांनी शिल्लक लघवी 70 वर आली. ‘मारलं’ हा शब्द चौकोनांतून गेला तो आजतागायत परत आलेला नाही. रात्रीचं उठणं सात-आठ वेळांवरून चार-पाचवर आलं. क्वेटियापिन हळूहळू सोडवलं.

पण ड्यूटी राहिली. ती कुठल्या गोळीमुळे आलेलीच नव्हती.

त्याच्यावर तोड नातवानं काढली. घरातला चपलांचा उघडा रॅक धुऊन बैठकीत आणला, खणांवर पिनकोडच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका, राख्यांची पाकिटं, एलआयसीची पत्रं आजोबांच्या पुढ्यात टाकली. साडेसहा वाजता. मी एकदा मुद्दाम त्या वेळी गेले. काका उभे राहूनच काम करतात, पाय थोडे फाकवून, जणू डबा हलतोय. पाकीट डोळ्यांजवळ नेत नाहीत, अंगठ्यानं जरा वर ढकलून आकडे बघतात आणि मनगटातून फेकतात. नातवाचं नाव त्यांना येत नाही. पण त्यानं वर्ध्याच्या खणात मुद्दाम घुसवलेलं एक पाकीट काढून ते त्याला म्हणाले, “444001 आहे बे. अकोला. 442 कुठं दिसून राहिलं तुले?”

सातांतल्या चार संध्याकाळी हे चालतं. उरलेल्या तीन संध्याकाळी काका रॅककडे ढुंकूनही बघत नाहीत.

तिसरी बाटली

एप्रिलच्या मध्यावर मुलगा परत आला. “आता बाकीचं सगळं नीट केलं ना मॅडम. आता देऊन बघायचं का खरंखुरं?”

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण नाही म्हटलं असतं तर मामांची पिशवी परत आली असती. शिवाय पुरावा शून्य आहे असंही नाही. कॅनडात 2019 ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्झायमर्सच्या 39 रुग्णांना नॅबिलोन, म्हणजे टीएचसीसारखं कारखान्यात बनवलेलं औषध, आणि दिखाऊ औषध आलटून पालटून दिलं. 14 आठवड्यांच्या त्या अभ्यासात अस्वस्थता खरोखर कमी झाली. पण गुंगी आली 45 टक्के रुग्णांना. दिखाऊ औषधावर ती 16 टक्के होती. शिवाय हे औषध आपल्या दुकानांत मिळत नाही. 2021 मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेनं, तोवरच्या दर्जेदार चाचण्या एकत्र केल्या तेव्हा हाती चार चाचण्या आणि 126 माणसं लागली. त्यावरून ठाम काही सांगता येत नाही असं त्यांनी लिहिलं. आणि हे सगळं अस्वस्थपणाबद्दल. गेलेली स्मृती परत आणल्याचं यातल्या कुठल्याच चाचणीनं दाखवलेलं नाही, मोबाईलवरचे व्हिडिओ काहीही म्हणोत.

आपल्याकडे रीतसर मार्ग एकच, आयुर्वेदाचा. भांगेला तिथे विजया म्हणतात. जातिफलादि चूर्णात ती पूर्वापार आहे. औषध कायद्याच्या अनुसूची ई (1) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, तिचं नाव आहे, आणि म्हणून लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असं छापावं लागतं. ते मी, एमबीबीएस-एमडी बाई, लिहून देऊ शकत नाही. नोंदणीकृत वैद्यच देऊ शकतात. मुलानं आणलेल्या कागदावर एका ऑनलाईन वैद्यांची सही होती; पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल, चालू गोळ्या विचारल्याच नाहीत.

इतवारीत माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत, साठीचे, तिरसट. त्यांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न: “एका थेंबात किती, हे बाटलीवर आहे का?” नव्हतं. “मग ती बाटली मले दाखवू नका.” दुसऱ्या एका उत्पादनाचा त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल त्यांनी मागवून घेतला, त्यात टीएचसी आणि सीबीडी दोन्हींचे आकडे होते. मग आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला. रात्री दुधानंतर एक थेंब, त्यात टीएचसी एक मिलीग्रॅमच्या आत. चार-चार दिवसांनी एकेक थेंब वाढ, चारच्या वर नाही. आधी यकृताची रक्ततपासणी, कारण सीबीडीनं एन्झाइम वाढू शकतात, आणि डोनेपेझिल-अॅम्लोडिपिनसारखी औषधं ज्या वाटेनं शरीराबाहेर पडतात तीच वाट ते अडवू शकतं. रोज सकाळी रक्तदाब आडवं आणि मग उभं करून. वरचा आकडा उभं राहिल्यावर 20 नं पडला, किंवा दिवसा जेवायला उठवावं लागलं, तर त्याच दिवशी बंद. आणि या चार आठवड्यांत दुसरा कुठलाही बदल करायचा नाही.

ही शेवटची अट आठव्या दिवशी मोडली. पुण्याच्या लेकीनं परस्पर रात्रीपाळीची आया ठरवून टाकली. पैसे तिचे, कळवळा खरा, मी काय बोलणार! आया रात्री दाराला खाट लावून झोपे. झालं, कालनिर्णयवरचा ‘दार’ हा शब्द एका रात्रीत निम्म्यावर आला. आता तेलानं की खाटेनं?

आकडे सांगते. तेलाआधीच्या आठवड्यात दाराच्या नोंदी नऊ, संध्याकाळची आरडाओरड सातांतले पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यात दार तीन, आरडाओरड चार दिवस. संध्याकाळी आया नसते, आणि तिथे पाचाचे चार झाले. मला यात तेलाचा गुण दिसत नाही. मुलाला दिसतो.

एकोणिसाव्या दिवशी, चार थेंबांवर, काका दुपारी दीडला जेवायला उठले नाहीत. ताटावर बसवलं तर घास गालात धरून डुलकी. रक्तदाब आडवं असताना 132, उभं केल्यावर 108. मेचा पहिला आठवडा, बाहेर 43, घरात कूलर पण पाणी पिणं कमी. उन्हानंही रक्तदाब पडतोच. तरी अट ती अट. वैद्यांनी फोनवर एकच शब्द उच्चारला: “थांबवा.” दोन दिवसांत काका परत जागे, परत उभे, परत पिशवी शोधायला लागले. नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, आला तेव्हा मी काकूंना सांगितलं, ताकाचे ग्लासही चौकोनात लिहा.

काकू

आया आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकू स्वतःचा रक्तदाब दाखवायला आल्या. पहिल्यांदाच एकट्या. मार्चमध्ये तो 170 वर 100 होता, कारण त्या स्वतःची गोळी एक दिवसाआड घेत होत्या. “यायच्या गोळ्याईत माही गोळी कुठं आठवते?” आता 142. चेहरा उतरलेला होता तो भरला होता. सकाळी ऑटो करून टेकडीच्या गणपतीला जाऊन आल्या होत्या, दीड वर्षानंतर.

त्याच सुमारास लेकीनं फोनवर मला विचारलं होतं, आईलाच रात्री दोन थेंब दिले तर? झोप तर तिलाच नाही. प्रश्नात काही वाईट नव्हतं. महाशिवरात्रीच्या रात्रीपासून मीही तेच तर ऐकत होते. पण ज्या घरात रात्री कडी वाजल्याचं ऐकायला एकच कान आहे, तो गुंगीत घालायचा कसा? आणि आया आल्यावर थेंबांची गरज उरली नाही. महिन्याला आया बाटलीपेक्षा कितीतरी महाग पडते, हे मुलगा मला दर भेटीत ऐकवतो. त्याचं म्हणणं खरं आहे. जूनपासून आया आठवड्यातून चार रात्री, उरलेल्या तीन रात्री मुलगा दाराशी. सून म्हणते, त्याच्या घोरण्यानं बाबा दाराकडे जातच नाहीत.

अर्धी बाटली उरली होती. वैद्यांनी लिहून दिलेली, काकांच्या नावाची, म्हणून ती त्यांच्याकडेच परत द्या असं मी सांगितलं. मुलानं हो म्हटलं. मागच्या मंगळवारी काकू आल्या, खुर्चीत बसल्या, इकडेतिकडे बघून पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, “मॅडम, फेकाचं जिवावर येते. गुडघ्याले लावू काय जी?”